दहा वजा

पाथरीत मापावरून भांडण लागलं की लोक आश्रुबाकडं यायचे. एसटी स्टँडमागं त्याची एक खोली. तिच्यात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन गुण्या आणि बोटाला टोचेल अशा टोकाच्या पेन्सिली. सगळं जग कॉम्प्युटरवर गेलं, हा गडी काही गेला नाही. चाळीस वर्षांत आपली एक रेघ चुकली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. आणि माणूस स्वतःच सांगायला लागला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

त्याच्या टेपचं पुढचं टोक तुटलेलं होतं. नवी टेप काय, कुठल्याही दुकानात मिळते, पण नाही! आश्रुबाचं म्हणणं, टेप चुकत नसते, हात चुकतो. मग दहाची खूण काठावर धरायची आणि आलेल्या मापातून दहा सेंटिमीटर वजा करायचे. जुना मदतनीस बन्सीधर आलेला आकडा वहीत तसाच लिहायचा, आणि दहा वजा करायचा तो आश्रुबा, बोर्डावर बसल्यावर. बारा वर्षं असंच चाललं. कुणी कुणाला बोलून दाखवायची गरज पडली नाही.

बन्सीधर लेकाकडं पुण्याला गेला. त्याच्या जागी आयटीआय झालेली राजेश्री आली, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी आश्रुबानं तिला बजावलं, टेप तुटकी हाय, दहा वजा करायचे, इसरायचं न्हाई. कुणी करायचे ते मात्र सांगितलं नाही. त्याला वाटलं, त्यात सांगायचं काय!

सोनपेठकडच्या एका मेंढपाळांच्या वस्तीवर चौकोनी तोंडाची विहीर होती. तिच्यात दोन शेरडं पडली, म्हणून वस्तीनं वर लोखंडी जाळी टाकायचं ठरवलं. मापं घ्यायला राजेश्री गेली. टेपवर दोनशे दहा आले. तिनं सांगितल्याप्रमाणं दहा वजा केले नि वहीत दोनशे लिहिले. आश्रुबानं दोनशे वाचले आणि सवयीनं पुन्हा दहा काढले. एकशेनव्वद. दोन्ही काठांवर टेकायला सहा-सहा धरून दोनशे दोनची जाळी त्यानं काढली. अशी सुबक, की चौकट करून भिंतीला लावावी.

जाळी केली सुरजनं. वेल्डिंगचं दुकान, लग्नाला वर्ष झालेलं. नकाशातलं माप त्यानं केसभर सोडलं नाही. बसवायला गेला तर जाळी दोन्ही काठांवर करंगळीच्या नखाएवढी टेकली. त्यानं तिथूनच फोन लावला. आश्रुबा जेवत होता. सुरज भीतभीत म्हणाला, माप कमी पडायलंय जणू. आश्रुबाचं डोकं फिरलं. चाळीस वर्षांच्या हाताला हे कालचं पोरगं विचारतं!

"कागद चुकत न्हाई. तुझी टेप तपास," म्हणाला आणि फोन ठेवला.

नवव्या दिवशी वस्तीवरली बायनाबाई शेरडांसाठी पाणी काढायला जाळीवर चढली. जाळीत ठेवलेल्या खिडकीतून बादली ओढताना एका अंगाला जोर पडला आणि जाळी काठावरून निसटली. बाई चाळीस फूट खाली, वरून जाळी. बाहेर काढली तेव्हा दोर मुठीत तसाच होता. वस्तीनं सुरजला बडवलं, त्याचं दुकान जाळलं आणि त्याला पोलिसांच्या हवाली केलं. लोखंड खाल्लं म्हणाले मेल्यानं.

आश्रुबाही तेच म्हणाला. दोन दिवस, चहा पिता पिता, भेटेल त्याला. तिसऱ्या दिवशी राजेश्री वही घेऊन बोर्डापुढं उभी राहिली. रडून डोळे सुजलेले.

"काका, मी दहा वजा करूनच दोनशे लिहिले व्हते. तुमीच सांगितलं व्हतं."

आश्रुबानं वही पाहिली, नकाशा पाहिला. दहा दोनदा वजा झाले होते. पण खरं सांगायचं तर पहिला विचार काही बायनाबाईचा आला नाही. नकाशावरची शाई अर्ध्या ब्लेडनं अशी खरवडता येते, की आकडा बदलला तर देवालाही कळू नये. ही कला तालुक्याला त्यानंच शिकवलेली. सुरजकडची झेरॉक्स दुकानासंगं जळाली होती. दोन आकडे, पाच मिनिटांचं काम. हातात ब्लेड घेतलंसुद्धा त्यानं. राजेश्री नुसती बघत राहिली. ती बोलली असती तर हा तिलाच शिव्या घालून मोकळा झाला असता. पण पोरगी तोंडातून शब्द काढीना, आणि याला लाज वाटली. ब्लेड ठेवलं, वही नि नकाशा पिशवीत घातला आणि दोघं एसटीनं सोनपेठला गेले.

ठाण्यात त्यानं सगळं सांगितलं, फोनसकट. फौजदारानं दोनदा विचारून लिहून घेतलं. मग सुरजला बाहेर आणलं. वस्तीवरच्या मारानं त्याचा ओठ फाटलेला. आश्रुबानं हात जोडले, म्हणाला चूक माझी, तू सुटशील. त्याला वाटलं पोरगं अंगावर येईल.

"मी टेप तपासली व्हती काका," सुरज म्हणाला. "तीनदा मोजलं. विहीर दोनशेच भरायली व्हती, कागदावर एकशेनव्वद. पण माझं मलाच खोटं वाटलं. बायनामावशी तवा तिथंच उभी व्हती. लय भ्यायली व्हती. म्हणली, टिकंल का रं? मी म्हणलं, बिनघोर चढ मावशे, आश्रुबाकाकाचा कागद हाय."

फौजदारानं तेही लिहून घेतलं.