बाभळीच्या पोटातला डबा

निकिता साळवेचा डबा अकरा महिने बाभळीच्या ढोलीत बसून होता आणि त्याच्याकडे काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. खेळ तसा सोपा. एकाने डबा लपवून जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे. दुसऱ्याने मोबाईल बघत यायचं, आतल्या चिटोऱ्यावर सही करायची, ॲपवर 'सापडला' असं नोंदवायचं आणि डबा परत ठेवून घरी जायचं. मिळत काहीच नाही. "त्यापेक्षा पेरूला पाणी घाल," असं आईचं मत होतं. पण राहुरी तालुक्यातला हा पहिलाच डबा, असं निकिता कॉलेजात सगळ्यांना सांगून बसली होती. आणि एकतीस डिसेंबरपर्यंत तो कुणालाच सापडला नाही, तर ॲप त्याला यादीतून उडवणार होतं.

चिंचवस्तीत नाताळच्या आठवड्यात चर्चचं गायनमंडळ टेम्पोत पेटी, ढोलकी आणि भोंगा घालून दारोदार फिरतं. घर कुणाचं का असेना. जिथे चहा, तिथे गाणं. मेंढपाळांचं जुनं गाणं तर अख्ख्या वस्तीला पाठ. निकिताने त्याच चालीवर नवे शब्द बसवले:

मेंढपाळ निघाले, नकाशा हातात,
बाण म्हणे उजवीकडे, पाय खड्ड्यात!
गव्हाणीत नाही तो, नाही गोठ्यात,
डबा आहे नाल्यावरच्या बाभळीच्या पोटात!

मंडळाच्या प्रमुख विजयमालाबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "गव्हाणीत न्हाई? मग इतकी वर्षं आपण काय गातोय गं?"

"मावशी, डबा नाही म्हणतेय. बाळ आहेच."

"मग तसं लिही. वाढदिवस बाळाचा हाय, डब्याचा न्हाई."

तिसरी ओळ 'गव्हाणीत बाळ अन् ढोरं गोठ्यात' अशी झाली आणि धर्म वाचला. धृपदाला मात्र कुणी हात लावला नाही:

शोधा, सही करा, जागेवर ठेवा,
बोलाल कुणाला तर सांगीन देवा!

ही गुप्ततेची ताकीद अकरा जणांनी भोंग्यावरून बावन्न दारांत दिली.

एखादा तरी जाईल, अशी निकिताला आशा होती. पण सरपंच आबासाहेब तीनदा हिवरे बाजार बघून आले होते, आणि तेव्हापासून चिंचवस्तीत ग्रामसभेशिवाय कोंबडंही आरवत नव्हतं. 'सही करा' ऐकताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एकट्यानं सही कुनी करायची न्हाई. पयली गणपूर्ती."

सव्वीसला सकाळी बाभळीखाली सतरंज्या पडल्या. निकिता तेव्हा मामाकडे अकोल्याला गेली होती. तीस तारखेला परतली आणि नाल्यावर पोचताच जागीच थबकली. बाभळीला गेरू-चुना लावला होता. खोडावर पाटी होती: 'सार्वजनिक गुप्त डबा. हात लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीशी संपर्क साधावा.'

शेजारी खुर्ची टाकून शिपाई पुंजाराम बसला होता.

"पुंजारामकाका, हे काय?"

"जागेवरच ठेवलाय," पुंजाराम म्हणाला. "गान्यात हुतं तसं."

तेवढ्यात आबासाहेब रजिस्टर घेऊन आले आणि त्यांनी ते तिच्यापुढे उघडलं. चिटोऱ्यावर चौघांपुरतीच जागा होती, म्हणून ठराव केला होता: डबा सापडला असे सर्वानुमते ठरले. सूचक, अनुमोदक, एकशे सत्तेचाळीस सह्या, एकोणीस अंगठे. झुंबरबाईंनी सहीपुढे 'दिवाबत्ती बंद आहे' असंही लिहिलं होतं.

"पण आबा, ॲपवर कुणी नोंदवलंय का? उद्या शेवटचा दिवस आहे!"

"त्यात खातं कुनाचं हाय?"

"माझं एकटीचं. पण स्वतःचाच डबा सापडला म्हणून नोंदवता येत नाही."

"मग काढ की पोरी. समस्त ग्रामस्थ, चिंचवस्ती."

तिने तिथेच खातं काढलं. जन्मतारखेला आबासाहेबांनी ग्रामपंचायत स्थापनेची तारीख सांगितली. 'तुमचा अनुभव लिहा' आलं तेव्हा त्यांनी अख्खा ठराव सांगितला, दिवाबत्तीसकट. निकिताने श्वास रोखून बटण दाबलं. गोल चक्र फिरलं, थांबलं, आणि डब्यासमोर हिरवी खूण उमटली.

"सापडला!" ती ओरडली. पुंजाराम दचकून खुर्चीतून उठला.

"सव्वीसलाच सापडलाय," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "लई चांगला खेळ हाय. दुसरा डबा कवा लपवायचा?"

"लपवीन की, आबा. पण या वेळी जागा कुणाला सांगणार नाही."

"असं कसं? सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. विषय घेतो." त्यांनी रजिस्टरचं नवं पान उघडलं. "डबा कुठं लपवायचा, ते हात वर करून ठरवू."