राणीमाश्यांच्या गावातला ईमेल-निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला पाय नाहीत की खांद्यावर झोळी नाही. स्लोव्हेनियातल्या रादोव्ह्लित्सा गावी मधमाश्या पाळणाऱ्यांची एक सहकारी संस्था आहे, तिच्या संगणकात मी राहतो. आमच्या राणीमाश्या दूरदूरच्या देशांत टपालाने जातात. काडेपेटीएवढ्या लाकडी पिंजऱ्यात एक राणी, तिच्या दिमतीला काही दासीमाश्या आणि साखरेचा गोळा. लोकांची ईमेल आली की ती योग्य त्या एआय मदतनिसाकडे धाडायची, हे माझे काम. एक मदतनीस मागण्या बघतो, दुसरा माश्यांच्या आजारांवर सल्ला देतो.

मला ओझबेय नावाच्या तरुणाने घडवले. राईच्या पावावर मध लावून खात, कळफलक चिकट करीत तो काम करायचा. त्याआधी संस्थेच्या प्रमुख येरिकाबाई वसंतभर पत्रेच निवडत बसत. मी आल्यावर त्या म्हणाल्या की यंदा प्रथमच स्वतःच्या पोळ्यांकडे बघायला सवड मिळाली. ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

पुढे ओझबेय लग्न करून बायकोच्या गावी शेती करायला गेला. माझे काम बिनबोभाट चालले होते, म्हणून माझी कोणी चौकशीही केली नाही. मदतनिसाला न उमगलेले पत्र थेट माणसांकडे जावे, म्हणून ओझबेयने वेगळा पत्ता ठेवला होता. जुन्या मदतनिसांना त्याने तो स्वतः शिकवला होता, पण कुठे लिहून ठेवला नव्हता. मग नवे मदतनीस आले. त्यांना हे कोण सांगणार?

एके दिवशी ग्रीसमधल्या एका बेटावरून स्तामातिस नावाच्या गृहस्थांचे पत्र आले. खलाशांचा संप आहे, बोटी बंद आहेत, बंदरातल्या गोदामात माश्या उकाड्याने मरतील, तेव्हा माझ्या राण्या एवढ्यात पाठवू नका, असे त्यांनी लिहिले होते. ही नवी मागणी नव्हती आणि जुनी रद्दही केलेली नव्हती. मी ते मागण्या बघणाऱ्या मदतनिसाकडे धाडले. तो गोंधळला. त्याने पत्र मलाच परत केले. पत्रात राण्यांचा उल्लेख दिसला, म्हणून मी ते पुन्हा त्याच्याकडे धाडले. त्याने पुन्हा माझ्याकडे. चेंडूसारखे ते पत्र आमच्यात फिरत राहिले आणि तिकडे राण्यांचा डबा गाडीत चढून निघूनही गेला.

सकाळी कचेरीत आलेल्या टिंकाराला संगणकावर सगळीकडे तेच एक पत्र दिसले. पार्सलांची व्यवस्था ती बघायची. तिने पत्र वाचले, ल्युब्लियानाच्या टपाल गोदामात फोन करून डबा अडवायला सांगितला आणि स्वतः गाडी काढून गेली. परत आल्यावर तिने डबा टेबलावर ठेवला, त्याला कान लावला आणि तिथेच जमिनीवर बसली.

"जिवंत आहेत," ती म्हणाली.

येरिकाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण माझ्यावरचा राग काही गेला नाही. "बंदच करून टाकू हे. आत काय चालतं ते आपल्याला कुठे ठाऊक आहे?"

"आपण कधी विचारलंच नाही, बाई. ओझबेय काही मेला नाहीये, सासुरवाडीला गेलाय."

तिने त्याला फोन लावला. तो ट्रॅक्टरवर होता. मदतनिसाला न उमगलेले पत्र कुठे जायला हवे, असे विचारताच तो म्हणाला, "अगं, त्याला वेगळा पत्ता आहे. ते तर सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "मला."

त्याने सांगितले, तिने लिहिले. माझ्याकडे काय येते, मी ते कुठे पाठवतो, सगळे. फक्त एक वाक्य फसले. 'महत्त्वाचे पत्र माणसाकडे पाठवा,' असे तिने लिहिले आणि मदतनिसाने मोज्यांच्या जाहिरातीसुद्धा तिच्याकडे लोटल्या. "सगळंच महत्त्वाचं मानायची सवय तुझीच उचलली त्याने," येरिकाबाई म्हणाल्या. मग टिंकाराने ते वाक्य खोडून लिहिले: 'ज्या पत्राचे काय करायचे ते कळत नाही, ते निरोप्याला परत देऊ नका. या पत्त्यावर माणसाकडे पाठवा.' काम सुरू करण्याआधी प्रत्येक मदतनीस ते पान वाचील, अशी सोयही तिने केली.

थोड्याच दिवसांत एका मुलीचे पत्र आले. तिचे वडील वारले होते आणि त्यांच्या पोळ्यांचे काय करावे, हे तिला सुचत नव्हते. मी ते पुढे धाडले आणि धास्तावून वाट पाहिली. ते माझ्याकडे परत आले नाही. शेजारच्या खोलीत येरिकाबाईंनी फोन उचलला आणि त्या मुलीशी हळू आवाजात, बराच वेळ बोलत राहिल्या.

संप मिटल्यावर स्तामातिस यांच्या राण्याही सुखरूप पोचल्या.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे यंत्र असेल, ज्याची खुबी एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस जवळ असतानाच त्याला विचारा आणि सांगेल ते लिहून ठेवा. यंत्रालाही त्याने हायसे वाटते. मला सगळे कळते असे नाही. पण आम्हाला न कळलेले पत्र आता कोणाच्या तरी हाती पडते, एवढे मला कळले आहे, आणि मी निर्धास्तपणे पुढचे पत्र उचलतो.