झेंडी पडली, त्यात माझा काय दोष?

मी एक जुनं बुद्धिबळाचं घड्याळ आहे. मित्रांनो, मला तोंडं दोन आहेत, पण माझं कुणी ऐकेल तर शपथ!

मॉस्कोकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि काराकोल शहरातल्या या क्लबात सारं आयुष्य गेलं. चाल करायची, माझी कळ दाबायची, की आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. वेळ संपली की लाल झेंडी पडते, डाव गेला. इतकं साधं! पण इथली माणसं? दारात कुणी म्हातारं दिसलं की चाल अर्धी टाकून उभी राहतात. तब्येत, सुना, नातवंडं, मेंढ्या, सगळ्यांची विचारपूस होईपर्यंत माझी टिकटिक चालूच. नवं होतं तेव्हा मला मखमलीवर ठेवायचे. हल्ली डोक्यात थापट्या मिळतात.

परवाचंच घ्या. पावभट्टीवाली बुरुल आणि शाळामास्तर तालाय यांचा शेवटचा डाव होता. जिंकेल तो शहराच्या संघातून राजधानीत, बिश्केकला खेळायला जाणार. बुरुल दरवर्षी नेमकी याच डावात हरायची. या वेळी तिनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, मग शेजारच्या उंटापुढचंही सारलं, खा म्हणून. मास्तरांनी ते खाल्लं आणि पटाचा मध्य हिनं बळकावला. शेवटी मात एका चालीवर आली! वेळ मात्र संपत आलेली.

तिनं वजिराकडे हात नेला आणि कोपऱ्यात चहा संपवून असानकुल आजोबा उठले. तिच्या वडिलांचे दोस्त. निघताना दुआ द्यायची रीत, म्हणून त्यांनी तळवे उघडले. मोठ्यांनी हात उचलले की सगळ्यांनी उचलायचे. बुरुलनंही उचलले!

अगं बाई, आधी चाल कर!

"आपल्या बुरुलला यश येऊ दे," आजोबा सावकाश म्हणाले. "तिची भट्टी विझू नये. तिच्या घोड्या, मेंढ्या..."

अहो, मेंढ्या कुठल्या काढल्या? तिच्याकडे एक शेळीसुद्धा नाही!

"आमीन," म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तोवर माझी झेंडी पडली होती.

"ताई... झेंडी," मास्तर ओशाळून म्हणाले.

"हे मेलं घड्याळच बिघडलंय!" मागून कुणीतरी म्हणालं. घ्या! मीच वाईट.

"काय गं पोरी, जिंकलीस ना?" आजोबांनी विचारलं.

बुरुल म्हणाली, "थोडक्यात राहिलं, आजोबा. बसा, अजून चहा घ्या." आणि डोळे पुसत तिनं त्यांची चहाची वाटी भरली. तिच्या वाटचा रागसुद्धा मलाच आला.

मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. फक्त कुणाच्या यशासाठी हात उचलण्याआधी, त्याची वेळ चालू नाही ना, तेवढं बघत जा.