टीनाच्या गुडघ्यावरचा चिखल

"हात काढ वं! धुवू नोको तिले!"

मंदाबाई ओरडली तेव्हा मी माझ्या घरापुढच्या सपरीत फाटलेलं जाळं विणत बसलो होतो. तिचं अंगण माझ्या कुडाला लागून. तिथं कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं, आणि मीही कान देऊनच असतो.

झालं होतं एवढंच, की तिची सहा वर्षांची नात टीना तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, घसरली आणि गुडघा दगडावर खरचटला. बोटभर चामडी निघाली होती. रक्त कमी आणि रडणं जास्त. टीनाची आई, मंदाबाईची सून उर्वशी, साबण आणि बादलीभर पाणी घेऊन तिच्यासमोर बसली होती.

"आई, आत खडे दिसून राहिले ना. धुतो अन् मंग फडकं बांधतो," उर्वशी म्हणाली. "आशाताईनं सांगतलं होतं, पयले साबन-पाणी."

"तुह्या आशाताईनं जाळं टाकलं का कधी? मागराचा काटा भरला का तिच्या हाताले?"

आता हे सांगायलाच हवं. आम्ही तलावात मासे धरणारे. मागूर माशाचा काटा हातात भरला की पायाखालचा काळा चिखल उपसायचा आणि जखमेवर थापायचा, हे आम्ही लहानपणापासून करत आलो. तो लेप आपोआप गळेपर्यंत कुणी काढायचा नाही, काढला तर जखम चिघळते, असं आम्ही मानतो. तो चिखल कधीतरी चांगला होता असं मी आज म्हणणार नाही. पण हा तर वैशाख होता. तलाव आटून डबक्याएवढा उरला होता, त्यात गावभरच्या म्हशी बसत होत्या आणि काठाला मेलेल्या मासोळ्या लागल्या होत्या. त्यातला मूठभर चिखल मंदाबाईनं आणला.

उर्वशीनं कुडावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमी तरी सांगा ना यायले."

मी काय सांगितलं? "राहू दे वं, बुढीले समजते." दुसऱ्याच्या घरात शहाणपणा करायची मला भारी हौस. उर्वशीचा नवरा मिथुन तिकडे वरठीला कामावर, आठवड्यानं घरी येणारा. तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. मंदाबाईनं चिखल गुडघ्यावर थापला. टीनाचं रडणं थांबलं, तशी बुढी माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी टीना अंगणात खेळायला आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी बसलेली दिसली, पाय लांब करून. लेप वाळून तडकला होता आणि त्याच्या कडेची चामडी लाल होऊन चकाकत होती. मी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"नजर लागली पोट्टीले," मंदाबाई म्हणाली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुराचा ठसका कुणालाच आला नाही, म्हणजे नजर पक्की. मलाही तेव्हा ते पटलं, लाज वाटते सांगायला.

दुपारी झळा सुटल्या. गाव दारं लोटून पडलं होतं, कुत्रीसुद्धा गप्प होती. टीना खाटेवर पडून काहीबाही बडबडत होती, मामाच्या गावचं, सिहोऱ्याचं. उर्वशी उठली, तिनं पाणी उकळून निववलं आणि धुतलेलं लुगडं फाडलं.

"आई, मी लेप काढून राहिलो."

"हात लावशीन त पाहाय! पाय जाईन पोरीचा!"

"ठेवला त पोरगीच जाईन. माही पोट्टी हाये, मी काढतो."

तिनं पाणी ओतून ओतून चिखल भिजवला. खपली खपलीनं तो सुटू लागला. मंदाबाई तिचा हात धरायला धावली, आणि तेवढ्यात तो वास आला. मी तोंड फिरवलं. खाली पू होता आणि पुवात दगडाचा बारीक खडा. गुडघ्यापासून एक लाल रेघ मांडीवर चढत गेली होती.

मंदाबाईनं वाकून गुडघ्याचा वास घेतला.

"माह्या रिताच्या पायाले बी असाच वास होता," ती म्हणाली.

रिता तिची पहिली मुलगी. पस्तीस वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या तापात गेली. पारीवरच्या चिंचेखालचं तिला लागलं, असं गाव म्हणत आलं. आम्ही पोरांना तिथून फिरू देत नाही. मंदाबाई दर साली तिथं कोंबडं देते. मला एकदम भीती वाटली, चिंचेची नाही, आमची सगळ्यांची.

"आता काय पाह्यतं?" ती माझ्यावर ओरडली. "फटफटी काढ!"

उर्वशीनं साबणानं हळूहळू जखम धुतली, कोरडं फडकं झाकलं, आणि आम्ही चौघं एका गाडीवर सरकारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जखम साफ केली, खडा काढला, सुया दिल्या. मग निळ्या पेनानं मांडीवर, लाली जिथं संपत होती तिथं, एक रेघ ओढली.

"लाली या रेघेच्या वर गेली तर लगेच भंडाऱ्याला न्यायचं. तोवर इथंच थांबा," त्या म्हणाल्या. आम्ही तिघं त्या रेघेकडे टक लावून बसलो. कधी वाटे लाली तिथंच आहे, कधी वाटे केसभर वर सरकली.

तासाभरानं बाई परत आल्या. "चिखल कुणी लावला होता हिला?"

"मीच लावला जी," उर्वशी पटकन म्हणाली. मी जमिनीकडे पाहू लागलो.

"खोटी बोलून राहिली ते," मंदाबाई भिंतीला धरून उठली. "मी लावला, बाई. दोघीले बी मीच लावला."

डॉक्टरीणबाईंनी खाटेवरच्या एकट्या टीनाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"दुसरी कुठंय? तिला घरी कशाला ठेवलं? जा, लवकर घेऊन या तिला."