प्रायमरखालची नावं

ऋता परांचीवर उभी राहून फ्लेमिंगोची चोच काळी करत होती, तेवढ्यात खालून कुणीतरी बांबू गदागदा हलवला.

"खाली उतर! आत्ताच्या आत्ता!"

खाली पंधरा-वीस माणसं जमली होती. बांबू धरलेल्या माणसाच्या दुसऱ्या हातात चुन्याची बादली होती. कामोठ्याची ऋता गेले आठ दिवस करावे गावाच्या धक्क्याजवळची ही लांबलचक भिंत रंगवत होती. शहर सुशोभीकरणाचं काम होतं आणि उद्या सकाळी उद्घाटन. गावाकडचं शेवटचं टोक तिने कालच हाती घेतलं होतं.

ती उतरली. "काय झालं दादा?"

"दादा नको म्हनू. हितं काय लिवलं होतं, म्हाईत हाय?"

ऑइल पेंटमधली वेडीवाकडी नावं तिला आठवली. पोराटोरांनी गिरगटलेली असतील असं धरून तिनेच त्यांच्यावर पांढरा प्रायमर फिरवला होता.

"होड्यांची नावं होती ती. खाडीत गाळ भरला, मासळी गेली, एकेक होडी मोडीत निघाली. मोडली का तिचं नाव या भिंतीवर लिवायचं. सदतीस नावं होती. तुमी पाखरं काढली, आन आमाला पुसलं."

ऋताने वळून भिंतीकडे पाहिलं. मग तिला आठवलं. "थांबा, फोटो आहे माझ्याकडे! काम सुरू करायच्या आधीचा."

सगळे तिच्या मोबाइलवर वाकले. कुणी मोठ्याने वाचू लागलं, "गावदेवी... सोनसाखळी..." आवाज जरा खाली आले. बादली जमिनीवर टेकली. ऋताने श्वास सोडला.

गर्दीतून पुतळा नावाची म्हातारी पुढे आली. "मिथुन, जयमाला बग रं."

बादली घेऊन आलेल्या मिथुनने फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा सरकवला. खालच्या कोपऱ्यात नावांच्या जागी ऋताचेच रंगाचे डबे दिसत होते.

"नाय दिसत आये," तो म्हणाला आणि ऋताकडे न बघताच पुढे बोलला, "माजी मोठी बहीन. सहा वर्षांची असताना तापानं गेली. बापानं होडीला तिचं नाव दिलं. तिचा फोटो नाय, कागद नाय. तिचं नाव फकस्त हितंच होतं."

मिथुनने फोन परत दिला, तोच तो वाजला. कामाचा सुपरवायझर अभिराम होता; गर्दीची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "भिंतीला अजिबात हात लावायचा नाही, कळलं? त्यांना सांग, नंतर छानसा बोर्ड लावून देऊ. आता काही बिघडवलंस तर पुढचं एकही काम मिळणार नाही तुला."

तिने फोन बंद केला.

मिथुनने तोवर तिची रंग खरवडायची पत्री उचलून भिंतीला लावली होती. "मीच खरवडतो."

"नको!" ती ओरडली. "जोर लागला तर खालचा रंगही निघेल. मग काहीच उरणार नाही."

"आन तुज्यावर इस्वास ठेवू?"

मिथुनने पत्री सोडली नाही. शेवटी म्हातारी पुतळा म्हणाली, "दे तिला. तिनं झाकलं, तीच काढंल."

ऋता गुडघ्यांवर बसली. तिने ओलं फडकं भिंतीवर दाबून धरलं, प्रायमर फुगू दिला आणि पत्रीच्या टोकाने कड उचलली. गुलाबी पंखाचा तुकडा सुटून पडला. त्याखाली निळी रेघ दिसली. मागे कुणीतरी इतकं जवळ वाकलं होतं की श्वास ऐकू येत होता. 'ज' आला. 'य' आला. ती थांबली, कपाळाचा घाम पुसला, पुन्हा पत्री धरली. 'मा' आला. पुढचा पापुद्रा मात्र अख्खाच निघाला आणि त्याच्या मागच्या बाजूला निळं अक्षर चिकटून आलं होतं. भिंतीवर नुसतं सिमेंट उरलं.

"घालवलंस!" मिथुन धावून आला.

पुतळाने त्याचा हात धरला. खाली बसून तिने त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं.

ऋता कशीबशी म्हणाली, "मी 'ला' लिहून देते आजी. अगदी तसाच."

"नको. ते तिच्या बापानं लिवलं होतं." गुडघ्यावर हात टेकून ती उठली. मग म्हणाली, "मी तुला माफ नाय केलं, पोरी. पन बाकीची काढायला उद्या ये."

उद्घाटन झालं नाही. अभिरामने ऋताचं काम काढून घेतलं. तरी ती अकरा दिवस रोज आली, आणि रोज मिथुन तिच्या मागे फडकं भिजवून देत उभा राहिला. सदतीसपैकी चोवीस नावं भिंतीवर परत आली.