कापलेलं गाऱ्हाणं

"आणि गाऱ्हाणं कुठाय?" केरूने विचारलं.

मनस्वीने मोबाइल मागे नेऊन पुन्हा लावला. त्यांच्याच तळेकोंडच्या नमन मंडळाची, शिमग्यातल्या नाचगाण्यांची ती जुनी कॅसेट कुणा पुण्यवानाने नेटवर चढवून ठेवली होती, कुणीही फुकट ऐकावी. पण बोट लावलं की थेट मृदंगच सुरू. त्याआधी काही म्हणजे काही नाही.

"पप्पा, इथूनच सुरुवात आहे."

"नाय गो. आधी माज्या बापाशीचं गाऱ्हाणं हाय, चांगलं लांबलचक. त्याच्याबिगर मृदंगाला हात कोन लावील?"

नुसतं बोलणं आहे म्हणून कापलं असेल, लोकांना गाणी हवी असतात, असं मनस्वी म्हणाली. केरूला राग आला. तसा केरू रागावणाऱ्यातला नव्हे. हातखंब्याच्या तिठ्यावर त्याचं स्पीकरचं दुकान. लग्न असो, सत्यनारायण असो, क्रिकेटचे सामने असोत की कुठल्याही पक्षाची सभा असो, भोंगे केरूचेच. पंचक्रोशीतल्या बोलघेवड्यांना त्याने माईक पुरवले, पण स्वतः 'हॅलो, हॅलो, माईक चेक' यापलीकडे त्याने कधी चकार शब्द काढला नाही. एवढं म्हणायचं, माईक पुढच्याच्या हातात द्यायचा आणि मशीनमागे जाऊन बसायचं. तिथे तो अगदी सुखात होता.

आता त्या सुखात माशी शिंकली होती. शिमग्याला जाखमातेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसली की वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान केरूच्या घराण्याचा. बाप लखू होता तोवर तो घालायचा. त्याच्यामागे बाबलकाकाने पुष्कळ वर्षं निभावलं. बाबलकाका यंदा पावसाळ्यात वारला, त्याला मूलबाळ नाही, म्हणजे मान फिरून केरूच्या दारात. देवीपुढे उभं राहायचं, सगळ्यांसाठी मागायचं आणि प्रत्येक मागणीला वाडीने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे कुठे लिहिलेलं नसतं. ऐकून ऐकून तोंडात बसायला हवं आणि केरू तर जन्मभर मशीनमागे बसलेला. मान सोडला असता तर कुणी फासावर दिलं नसतं म्हणा, पण घराण्यातून एकदा गेलेला मान परत येत नाही. ते केरूच्या जिवाला लागलं होतं.

म्हणून ही कॅसेट. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून गावच्या नमनाची कॅसेट काढली होती, मांडवातच माईक लावून. तेव्हा केरू शेंबडं पोर होता. घरची प्रत कधीच उंदरांनी खाल्ली होती.

मनस्वी रत्नागिरीला कॉलेजात जाते. तिने दोन दिवस मोबाइलात डोकं घालून एक ऑनलाइन दुकान शोधलं. पुण्याकडचा कुणी गृहस्थ जुन्या कॅसेटी, तबकड्या, सीड्या विकतो. नाट्यसंगीत, भावगीतं, कव्वाल्या, असे शेकडो आल्बम ओळीने मांडलेले, आणि त्यांत कोपऱ्यात तळेकोंड. खाली लिहिलं होतं की कॅसेट उत्तम स्थितीत आहे, मात्र पहिल्या बाजूला सुरुवातीची काही मिनिटं नुसतं बोलणं आहे, संगीत नाही, गिऱ्हाइकाने नोंद घ्यावी. तेवढ्यासाठी किंमतही कमी केली होती. जे इतरांच्या लेखी खोट, तेच केरूला हवं होतं. तो इतका हरखला की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून बसला.

"त्यांना कळव," तो मनस्वीला म्हणाला, "कापूनबिपून पाठवू नका म्हनावं."

कॅसेट कोण कापून पाठवतं, म्हणून ती हसली. पण बापाचं तोंड बघून तिने तसं लिहिलं. जशी आहे तशीच पाठवतो, असं उत्तर आलं. त्यावर केरू रात्री नीट झोपला.

कुरिअरवाला खाली कोंडात, वाडीपर्यंत, उतरत नाही. वाडीच्या साऱ्या वस्तू तिठ्यावर केरूच्याच दुकानात येऊन पडतात. कुणाची साडी येई, कुणाचा मिक्सर येई, आणि केरू प्रत्येक खोका हातात घेऊन हलवून बघे. शेवटी एकदा त्याच्या नावाचं पाकीट आलं. वरच्या चित्रात सगळं मंडळ उभं होतं आणि मधोमध लखू, फोटो काढायच्या क्षणीच डोळे मिटलेला. केरूने दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं.

घरी माळ्यावर टेपचं जुनं मशीन होतं. पट्टा वाळून त्याचे तुकडे झाले होते, तो बदलला. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसला. मशीन ओटीवर मांडलं आणि बटण दाबलं. आधी खरखर, मग कुणाचं तरी खोकणं, मग आवाज आला. "आई जाखमाते…" पण कसा, जड, घोगरा, विहिरीतून आल्यासारखा. केरूला वाटलं, आपण बापाचा आवाज विसरलो की काय.

मागच्या पडवीत सोनूबाई कुळीथ पाखडत होती. केरूची आई, कानाने अजून तिखट. तिचं सूप थांबलं.

"त्याचा आवाज यवडा रेड्यासारका नव्हता," ती आतूनच म्हणाली.

केरूने वेग वाढवायला मोटरीचा स्क्रू थोडा फिरवला. अजून, अजून, असं सोनूबाई आतून सांगत राहिली. आणि एका ठिकाणी ती गप्प झाली. तोच आवाज होता. लखू मोकळ्या गळ्याने देवीला हाका मारत होता, बारा वाडीच्या मानकऱ्यांना बोलावत होता. टेपमधल्या वाडीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि पडवीतून सोनूबाईनेही म्हटलं, सवयीने. मग मात्र ती लगबगीने बाहेर आली आणि तिने सरळ मशीनचं बटण दाबून टाकलं.

"देवीला हाक मारलास. म्होरं नारळ कुठाय?"

आता आली का पंचाईत. ही कॅसेट आहे, देवीला कोण बोलावतंय, असं केरूने सांगून पाहिलं. पण सोनूबाईचं म्हणणं साधं होतं. हाक ती हाक. यंत्रातून मारली म्हणून देवी काय ऐकायची थांबते? आणि आलेल्या देवीला रिकाम्या जागी उभं करायचं? ते तिच्या घरात चालणार नव्हतं. नारळ आला, विडा आला, तेव्हा कुठे लखूला पुढे बोलायची परवानगी मिळाली.

तेव्हापासून नियमच झाला. केरूला गाऱ्हाणं ऐकायचं असलं की आधी नारळ ठेवायचा आणि ऐकून झालं की वाढवायचा. पाठ व्हायचं तर पुन्हा पुन्हा ऐकणं आलं. घरात खोबऱ्याला खळ राहिला नाही. सुगंधा, केरूची बायको, पहिले काही दिवस हौसेने सोलकढी करत होती, मग नारळीभात झाला, मग वड्या झाल्या, मग शेजाऱ्यांकडे वाट्या गेल्या. एवढे नारळ तर माझ्या लग्नातही फुटले नव्हते, ती म्हणाली. पण माडावर नारळ होते आणि नवरा कशात तरी एवढा रमलेला तिने पहिल्यांदाच पाहिला होता. तिने तक्रार केली ती तोंडदेखलीच.

पहिल्या दिवशी पूर्ण ऐकलं तेव्हाच एक गोष्ट घडली होती. लखू रंगात आला होता. गुराढोरांसाठी मागून झालं, शेतासाठी मागून झालं. मग म्हणाला, "जे कोन पोटासाठी मुंबईस ऱ्हायलंय…" आणि थांबला. टेप फिरत होती, आवाज नव्हता. कुणी घसा खाकरला. केरूने मशीन बिघडलं म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात त्या शांततेत एका पोराचा बारीक आवाज आला. "व्हय म्हाराजा."

मागणं अर्धंच, आणि व्हय आधी. मांडवात हशा पिकला. त्या हशात लखूचाही आवाज होता. आणि मग तो म्हणाला, "ऐकलास, आई? पोरानं आदीच व्हय म्हटलान. आता तुला नाय म्हनायला जागा नाय." आणि पुढचं गाऱ्हाणं धबधब्यासारखं सुरू झालं.

"कोन हा पोर?" केरू हसत म्हणाला.

सोनूबाईने त्याच्याकडेच बोट केलं. केरूचं हसू ओसरलं.

"माज्या मांडीवर पेंगत व्हतास," ती म्हणाली. "तुजा बापूस दर साली त्या जागी यशवंताचं नाव घ्यायचा. त्या साली यशवंता नव्हता."

यशवंता म्हणजे लखूचा धाकटा भाऊ, मुंबईला गोदीत होता. केरूला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. त्याला एवढंच आठवत होतं की आपला बाप गाऱ्हाण्यात कधी अडखळला नाही. सगळी वाडी तसंच सांगत आली होती. आणि इथे तो अडखळला होता, सगळ्यांसमोर. केरूला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला उलट हायसं वाटलं. त्याने कुणाला सांगितलं नाही, पण त्या रात्री तो जेवताना दोन घास जास्तच जेवला.

शिमगा तोंडावर आला. पाठ तर झालं होतं. गाडी चालवताना, भोंगे बांधताना, तो मनात घोळवत असे. पण माणसांसमोर? वाडीचा जुनाजाणता दादू गावकर एकदा दुकानात येऊन बसला. त्याने मोठ्या मायेने तोडगा काढला. स्पीकर तुझा, बापूस तुझा, आवाज असा खणखणीत. मग टेपच का लावत नाहीस? मान पण राहील आणि अब्रू पण. केरूला तोडगा इतका आवडला की तो घरी पळतच आला. आपण मशीनमागे बसायचं, बटण दाबायचं. यापेक्षा चांगलं काय असणार?

सोनूबाईने सगळं ऐकून घेतलं. हात सुपातले खडे वेचत राहिले.

"त्यात मागितलंय ता त्या सालचं," ती म्हणाली. "यंदाचं कोन मागनार?"

केरू ओटीवर बसला. त्या सालची गुरं आता कुणाच्या गोठ्यात नव्हती. त्या सालच्या पोरांना नातवंडं व्हायला आली. यंदा मोहोर उशिरा धरलाय, दादूच्या सुनेचे दिवस भरत आलेत, मनस्वीची परीक्षा आहे. यातलं लखूला काय ठाऊक असणार? आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती बरोबर होती.

पालखी सहाणेवर बसली, ढोल थांबले. केरूने माईक हातात घेतला आणि जन्माच्या सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "हॅलो, हॅलो, माईक चेक." सगळी सहाण हसली. केरूचे कान तापले. त्याने पुढे धरलेला हात मागे घेतला, कारण माईक द्यायचा तरी कुणाला? मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "आई जाखमाते…"

व्हय म्हाराजा, वाडी म्हणाली.

त्याचा आवाज लखूसारखा नव्हता. बारीक होता, थोडा घाईचा. पण शब्द येत होते. त्याने मोहोरासाठी मागितलं, दादूच्या सुनेसाठी मागितलं, रुंद होणाऱ्या रस्त्यावरून रात्री-अपरात्री येणाऱ्या सगळ्यांसाठी मागितलं. वाडीचं 'व्हय म्हाराजा' मोठं मोठं होत गेलं. मग ती जागा आली. "जे कोन पोटासाठी मुंबईस ऱ्हायलंय…" आणि केरू थांबला.

विसरला नव्हता. पुढचा शब्द अगदी ओठांवर होता. पण त्याला ती टेपमधली शांतता ऐकू आली, आणि त्या शांततेत डोळे मिटून उभा असलेला, भाऊ गेलेला आपला बाप दिसला. आजवर तो त्याला नुसता आवाजच वाटत होता.  भोंग्यातून नुसता त्याचा श्वास येत राहिला. दादू गावकर पुढे सरकला, सांभाळून घ्यायला.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, एक म्हातारा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

सगळे वळून बघायला लागले. सोनूबाई मान ताठ ठेवून पालखीकडे बघत होती, जणू ती बोललीच नाही. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि केरूही हसला, डोळ्यांत पाणी असताना.

"आई, माज्या आवशीचं ऐकलास," तो माईकवर म्हणाला. "आता मी काय येगळं सांगू?"

मग मात्र तो थांबला नाही. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, ढोल पुन्हा सुरू झाले. दादूने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बापाची आठवण आणलीस असं काहीतरी म्हणाला. केरू मशीनमागे जाऊन वायरी गुंडाळायला लागला. त्याला फार बरं वाटत होतं.

मनस्वी मोबाइल घेऊन आली. तिने सगळं टिपून घेतलं होतं. वाडीच्या ग्रुपवर आत्ता टाकते, ती म्हणाली, मुंबईवाले वाट बघतायत. फक्त मध्ये ते थांबलेलं आहे ना, तेवढं काढून टाकते, म्हणजे छान सलग होईल.

केरूने वायर खाली ठेवली.

"ता काढू नको," तो म्हणाला. "तसंच ऱ्हावंदे. म्होरं कुनाला तरी लागेल."