वळणावरची रांगोळी

विकास नगरातल्या आमच्या सेक्टरची मीटिंग पार्कात भरली होती. झोपाळे झाले, दिवे झाले, मग आमच्या वळणावरच्या स्पीडब्रेकरचा विषय निघाला.

"उस मोड़ पे तो अब एक्सीडेंट होते ही नहीं," नगरसेवक माइकवर म्हणाले. "वहाँ ब्रेकर की क्या ज़रूरत?"

मी ताडकन उठले. होत नाहीत, कारण तिथे मी रोज सकाळी रांगोळी घालते! त्याच जागी माझ्या मैत्रेयीला गाडीने उडवलं. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर ती हळदीकुंकू वाहायची, तीच मी तिथे घालते. इथल्या लोकांना वाटतं, टोटका आहे, कुणीतरी करणी करून ठेवलीय. सुसाट येणारे कचकन ब्रेक दाबतात आणि रांगोळीला वळसा घालून हळूच जातात. माझी पोर समोर होती तेव्हा ब्रेक दाबला नाही. चिमूटभर हळदीकुंकवाला मात्र टरकतात मेले!

माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत हे सगळं मी तिथे बोलले. नगरसेवकांनी मान खाली घातली.

मागच्या गल्लीतले मिश्राजी तेवढे उठले. त्यांच्या वळणावरही मुलं रस्ता ओलांडतात. हात जोडून, अगदी मनापासून म्हणाले, "भाभीजी, हमारे मोड़ पे भी एक बना दीजिए ना."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"कैसे बनाऊँ, भैया?" मी म्हटलं. "मेरी तो एक ही बेटी थी."